तांबालाकोकची १३ झाडे: हा आकडा कुठला, आणि डोडोशिवाय या झाडाचे बी रुजते का?

बकुळा

नमस्कार. मी सांगली जिल्ह्यातील एका कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते. सहजीवनाचा भाग आला की मॉरिशस बेटावरच्या तांबालाकोक या झाडाचे उदाहरण द्यायचे, हा माझा बऱ्याच वर्षांचा शिरस्ता आहे. गोष्ट आपल्यापैकी अनेकांनी ऐकली असेल. या झाडाच्या फळातील कोय इतकी जाड आणि टणक असते की डोडो पक्ष्याच्या पोटातील खड्यांवर घासून ती झिजल्याशिवाय आतला कोंब बाहेर पडू शकत नसे. सतराव्या शतकात डोडो संपला, त्यानंतर एकही बी रुजले नाही, आणि आता तीनशे वर्षांहून जुनी अशी अवघी १३ झाडे उरली आहेत. मुलांना ती आवडते, फळ्यावर दोन बाण काढून समजावता येते आणि उत्तरपत्रिकेत हमखास उतरते.

यंदा मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, “बाई, ही १३ झाडे कोणत्या वर्षी मोजली?” घरी येऊन शोधले तेव्हा आकडा १९७७ सालचा निघाला. म्हणजे जवळजवळ अर्धशतकापूर्वीची शिरगणती मी “आता” म्हणून सांगत होते. शिवाय काही ठिकाणी झाडे काही शे असल्याचे लिहिलेले दिसले, आणि त्यांतली थोडी जरी तरुण असली तरी माझी सगळी गोष्टच मोडीत निघते.

झाडे साधारण किती आहेत, बी डोडोशिवाय रुजते की नाही, आणि रुजत असेल तर मग हे झाड दुर्मीळ का, एवढे कोणी जाणकाराने सविस्तर सांगावे. वर्गापुढे चूक दुरुस्त करायची आहे, त्यामुळे “ती गोष्ट खोटी आहे” एवढ्यावर माझे भागणार नाही.

जुना हर्बेरियम

बकुळाताई, आपण घेतलेले टोपणनाव या विषयाला योगायोगाने अगदी शोभणारे आहे. तांबालाकोक हे बकुळीच्याच कुळातले झाड आहे. मोह, खिरणी आणि आपण खातो तो चिकू ही सगळी याच सॅपोटेसी घराण्यातली मंडळी. पूर्वी त्याला काल्व्हारिया मेजर म्हणत, आता सायडेरॉक्सिलॉन ग्रँडिफ्लोरम म्हणतात. ते फक्त मॉरिशसवरच नैसर्गिकरीत्या वाढते.

१३ हा आकडा स्टॅन्ली टेंपल या अमेरिकी पक्षितज्ज्ञाचा. मॉरिशसमधल्या दुर्मीळ पक्ष्यांच्या संवर्धनाच्या कामासाठी ते तेथे गेले होते आणि १९७७ मध्ये ‘सायन्स’ या साप्ताहिकात त्यांनी दोन पानांचा एक लेख लिहिला. बेटावर १३ म्हातारी झाडे उरली आहेत, ती सगळी तीनशेहून अधिक वर्षांची आहेत, आणि डोडोच्या अंतानंतर बी रुजलेले नाही, हा त्याचा गाभा. लेखासोबत प्रयोगही होता. त्यांनी टर्कीच्या गळ्याखाली १७ ताज्या कोया बळेच उतरवल्या. त्यांतल्या ७ पोटात चिरडल्या गेल्या, १० सहीसलामत बाहेर आल्या, आणि त्या १० पैकी ३ रुजल्या. तीनशे वर्षांत रुजलेली ही कदाचित पहिलीच बीजे असावीत, असे त्यांनी लिहिले. वर्तमानपत्रांनी यातला “कदाचित” गाळून टाकला आणि पाठ्यपुस्तकांनी पुढचे काम केले.

आता या मांडणीत कच्चे काय होते ते पाहू. प्रयोगात तुलनेसाठी साध्या, टर्कीला न चारलेल्या कोया पेरलेल्या नव्हत्या. १० पैकी ३ रुजल्या हे खरे. परंतु तशाच १० कोया थेट मातीत टाकल्या असत्या तर शून्य रुजल्या असत्या की पाच, हे त्या प्रयोगातून कळूच शकत नाही. उलट १७ पैकी ७ पोटातच फुटल्या, म्हणजे पक्ष्याने बियांचे भले केले की नुकसान, हाही प्रश्न उरतोच. आपल्या अकरावीच्या मुलांनी असा प्रयोग वहीत लिहून आणला असता तर आपण शेजारी लाल शाईने “नियंत्रित गट कोठे?” असे लिहिले असते.

वयाचेही तसेच. या झाडाच्या खोडात वर्षागणिक मोजता येतील अशी वलये पडत नाहीत. त्यामुळे “तीनशे वर्षे” हा खोडाच्या घेरावरून आणि झाडाच्या एकूण रूपावरून बांधलेला अंदाज होता. आणि संख्येचे म्हणाल, तर सायडेरॉक्सिलॉनच्या आणखी काही जाती त्याच बेटावर, त्याच रानात आहेत आणि पोरसवदा झाडे ओळखताना जाणकारांचीही गफलत होते. ओळखू न आलेले झाड मोजणीत येत नाही.

१९७९ मध्ये मॉरिशसच्या वनखात्यातील ओवादली यांनी त्याच साप्ताहिकात उत्तर दिले. व्हॉन आणि वीहे यांनी १९४१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत डोंगरमाथ्यावरच्या रानात या झाडाची पुष्कळ तरुण पिढी नोंदलेली होती, याकडे त्यांनी लक्ष वेधले. आणि आमचे खाते कोणत्याही पक्ष्याच्या मदतीशिवाय ही बीजे रुजवत आले आहे, असे स्पष्ट लिहिले. १९९१ मध्ये विटमर आणि चेक यांनी सगळा पुरावा पुन्हा तपासला, तेव्हा झाडांची संख्या काही शे आहे असेच चित्र पुढे आले. तेव्हा आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर: १३ नव्हे, काही शे, पण “काही शे” म्हणजे सुखरूप असे मात्र समजू नये.

दुसऱ्या प्रश्नासाठी आणखी मागे जावे लागते. लंडनजवळच्या क्यू वनस्पती उद्यानाचे संचालक आर्थर हिल यांनी १९४१ मध्येच या कोयीची रचना आणि ती कशी उघडते याचे वर्णन केले होते. कोयीचे कवच काही ठिकाणी १५ मिलिमीटरपर्यंत जाड असते हे खरे, पण तिच्या अंगावर एक ठरलेली सांध असते. आतला गर्भ पाणी पिऊन फुगला की त्याच्या रेट्याने त्या सांधीवर कोयीचा एक भाग स्वच्छ निखळतो, जणू डबीचे झाकण उघडावे तसा. कवच झिजून पातळ व्हावे लागत नाही. टेंपल यांचा लेख येण्याच्या ३६ वर्षे आधी हे छापलेले होते.

काळी नदी

सर्वांना नमस्कार. मी मॉरिशसचा मराठी. माझे पूर्वज एकोणिसाव्या शतकात रत्नागिरीकडून उसाच्या मळ्यांवर मजुरीला आले. घरात आम्ही क्रेओल बोलतो, मराठी मी शिकलो आणि आता शिकवतो. भाषेत काही उणे आढळल्यास सांभाळून घ्यावे. बकुळाताईंचा तिसरा प्रश्न, म्हणजे झाड दुर्मीळ का, त्याचे उत्तर आमच्या रानात शिरले की डोळ्यांना दिसते, म्हणून लिहीत आहे.

आमच्या बेटाच्या नैर्ऋत्येला काळ्या नदीच्या दऱ्यांचे राष्ट्रीय उद्यान आहे. ते १९९४ मध्ये जाहीर झाले. बेटावर चांगल्या प्रतीचे मूळ जंगल दोन टक्क्यांहूनही कमी उरले आहे आणि त्यातले बरेचसे येथेच आहे. डच लोकांनी १६३८ मध्ये पहिली वसाहत केली आणि आबनूस तोडायला सुरुवात केली. त्यांच्यामागून फ्रेंच आले, मग इंग्रज, आणि उसासाठी सखल भाग जवळजवळ सगळा साफ झाला. त्या उसात आमच्या पणजोबांचेही हात होते, हे मी लपवत नाही.

पण उरलेल्या त्या जंगलात, जेथे आता कोणी कुऱ्हाड लावत नाही, तेथेही तांबालाकोकची नवी झाडे सहसा दिसत नाहीत. याचे एक कारण येथील प्रत्येकाने खाल्लेले आहे: गोयाव द शीन, म्हणजे चिनी पेरू. नाव चिनी, झाड मूळचे ब्राझीलचे. हिवाळ्यात, म्हणजे तुमच्याकडे पावसाळा असतो त्या सुमारास, त्याची लालचुटुक फळे पिकतात. प्लेन शांपाञच्या रस्त्यावर गाड्या लावून अख्खी कुटुंबे बादल्या घेऊन रानात उतरतात, आणि नाक्यावर तीच फळे मीठ-मिरची लावून विकली जातात. मीही लहानपणी शाळेतून येताना खिसे भरून आणली आहेत. त्याच पेरूने जंगलाचा तळ इतका दाट भरून टाकला आहे की आत शिरायचे तर अंग तिरके करून जावे लागते. मनगटाएवढ्या गुळगुळीत, सोललेल्यासारख्या दिसणाऱ्या खोडांच्या ओळीच ओळी. खाली अंधार, आणि त्या अंधारात पुन्हा पेरूचीच हजारो रोपटी. तांबालाकोकचे रोप उगवले तरी त्याला ऊन कोठून मिळणार?

दुसरे कारण माकडे. जावा बेटाकडची ही लांब शेपटीची माकडे सतराव्या शतकाच्या सुरुवातीला जहाजांवरून येथे आली. त्यांना फळ पिकेपर्यंत धीर नसतो. काही वर्षांपूर्वी मी विद्यार्थ्यांना घेऊन ब्रीज फेर भागात तण काढण्याच्या कामाला गेलो होतो, तेव्हा एका मोठ्या तांबालाकोकखाली आम्हाला खूप फळे पडलेली दिसली. सगळी हिरवी. प्रत्येकावर एकच चावा, आणि चाव्याच्या कडेला चिकाचा पांढरा थेंब सुकून रबरासारखा झालेला. एका मुलाने फळ चाकूने कापले तर आतली कोय अजून कोवळी होती, सुरी तिच्यातून सहज गेली. डोडोच्या पोटात जाण्याइतकी ती टणक होण्याआधीच तिचा कारभार आटोपला होता.

गंगा तलाव येथून फार लांब नाही. महाशिवरात्रीला लाखो भाविक चालत येतात, आणि वर्षभर लोक केळी, नारळ वाहतात. ते प्रसादाचे केळे दिवसभर कोण खाते हे तेथे आलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. देवाच्या दारात त्यांना हुसकावणे लोकांना रुचत नाही, आणि मीही कधी हुसकावलेले नाही.

शंकेखोर

दोन्ही प्रतिसाद उत्तम आहेत, परंतु एक शंका मांडतो. ‘जुना हर्बेरियम’ सरांच्या प्रतिसादावरून डोडो पूर्ण निर्दोष, म्हणजे या झाडाशी त्याचा काहीच संबंध नव्हता, असा अर्थ निघतो. एक अतिरेक खोडताना आपण दुसऱ्या टोकाला तर जात नाही ना? एवढी मोठी कोय असलेले गरदार फळ झाडाने उगीच तर तयार केले नसेल. ते कोणी तरी खावे, आणि कोय दूर नेऊन टाकावी, यासाठीच ते असणार.

जुना हर्बेरियम

शंका रास्त आहे आणि माझ्या लिहिण्यात तो तोल सुटला होता, हे मान्य करतो.

“डोडोशिवाय बी रुजूच शकत नाही” हे चूक. “डोडो ही फळे खात असेल आणि कोया इकडून तिकडे नेत असेल” हे पूर्ण शक्य आहे. ओवादली यांचा एक आक्षेप असा होता की डोडो किनाऱ्याकडच्या सखल भागात राहत असे आणि तांबालाकोक डोंगरमाथ्यावर, त्यामुळे दोघांची गाठ फारशी पडतच नसावी. हा आक्षेप पुढे टिकला नाही. बेटाच्या आग्नेयेला समुद्रालगत मार ओ साँज नावाची दलदल आहे; डोडोच्या हाडांचा सर्वांत मोठा साठा तेथलाच. तेथील सुमारे चार हजार वर्षांपूर्वीच्या थरात डोडो आणि महाकाय कासवांच्या हाडांबरोबर तांबालाकोकच्या कोयाही मोठ्या संख्येने सापडल्या. म्हणजे हे झाड एके काळी समुद्रसपाटीजवळही होते आणि डोडोच्या वाटेवर होते. आज ते वरच्या रानात दिसते, कारण खालचे रान उरलेलेच नाही. शिल्लक राहण्याची जागा ही आवडीची जागा असतेच असे नाही. आपल्याकडच्या देवरायांतली काही झाडे पाहताना हाच घोळ होतो.

मात्र फळ खाणारा डोडो एकटा नव्हता. बेटावर महाकाय कासवांच्या दोन जाती होत्या, मोठ्या चोचीचा एक पोपट होता, आणि फळे खाणारी मोठी वटवाघळे होती. पोपटाला कोय फोडून आतले बी खाण्यातच अधिक रस असावा, तेव्हा त्याला मित्र म्हणावे की शत्रू हे ठरवणे कठीण आहे. कासवे गेली, पोपट गेला, वटवाघळांची एक जात गेली. जी एक जात उरली आहे, तिच्या आहारात या कुळातली फळे आहेत. ही वटवाघळे गर चोखून कोय झाडापासून दूर टाकू शकतात. पण लिची आणि आंब्याच्या बागायतदारांचा त्यांच्यावर राग आहे, आणि २०१५ पासून सरकारी मोहिमांत ती हजारोंच्या संख्येने मारली गेली आहेत.

गर निघण्याचे महत्त्व येथे आहे. पिकलेले फळ झाडाखाली तसेच सडू दिले की गरावर बुरशी चढते आणि ती कोयीच्या सांधीतून आत शिरते. प्राण्याने गर खाऊन कोय स्वच्छ केली तर तो धोका कमी होतो. पोटातले खडे कवच किती झिजवतात, यापेक्षा तोंड गर किती साफ करते, हे या झाडाच्या बाबतीत बहुधा अधिक मोलाचे होते.

रोपवाटिका, कुडाळ

मी देशी झाडांची रोपवाटिका चालवतो. तांबालाकोक कधी हाताळलेले नाही, पण त्याच्या भाऊबंदांशी रोजचा व्यवहार आहे म्हणून थोडे लिहितो.

या कुळात दोन तऱ्हा आढळतात. मोहाची टोळंबी ताजी असतानाच पेरावी लागते. सुरुवातीच्या काळात मी एकदा ती गोणपाटात भरून ठेवली आणि पाऊस संपल्यावर पेरू म्हटले. एकही कोंब आला नाही, सगळी आतून खवट होऊन गेली होती. उलट ज्यांचे कवच जाड, ती बीजे वाट पाहतात आणि त्यामुळे लोकांना वाटते की ती मेली आहेत. आमच्याकडे सागाचे फळ घ्या. सागाची फळे रात्रभर भिजवायची, दिवसभर उन्हात वाळवायची, असे आठ-पंधरा दिवस करून मग गादीवाफ्यावर टाकायची. तरीही काही पहिल्या पावसात येतात, काही दुसऱ्या वर्षी येतात, काही येतच नाहीत. दोन महिन्यांत वाफा मोडून टाकणारा माणूस छातीठोकपणे सांगेल की सागाचे बी रुजत नाही.

माझ्या मते वर्गासाठी हाच प्रयोग चांगला. सागाची शंभर फळे घ्या, पन्नास भिजवून-वाळवून पेरा, पन्नास जशीच्या तशी पेरा, आणि दोन्ही वाफ्यांवर पाट्या लावा. म्हणजे सरांनी म्हटलेला नियंत्रित गट म्हणजे काय ते मुले स्वतः मोजतील. टर्की आणायची गरज नाही.

माकडांचे वाचून मात्र हसू आले आणि वाईटही वाटले. आमच्याकडे कच्चे आंबे आणि कोवळे शहाळे ओरबाडून, एक चावा घेऊन खाली टाकणे, हे दर हंगामाचे दुखणे आहे. माणूस निदान ओरड करतो, अर्ज देतो. त्या झाडाच्या वतीने कोण अर्ज देणार?

बकुळा

सर्वांचे मनापासून आभार. सागाचा प्रयोग येत्या जूनमध्ये नक्की करणार आहे.

एक गोष्ट अजून नीट उलगडत नाही. झाडे काही शे आहेत, बी रुजू शकते, वनखाते रोपे तयार करू शकते. मग प्रत्यक्ष रानात ही संख्या वाढते आहे की घटते आहे, हे कशावरून ठरवतात? नुसती मोजणी पुरेशी नसावी असे वाटते. आणि पेरू काढून टाकला तर खरोखर फरक पडतो का?

जुना हर्बेरियम

ताई, नेमके विचारलेत. गावात माणसे किती, याला जितके महत्त्व आहे तितकेच पाळण्यात किती आणि शाळेत किती, यालाही आहे. शंभर घरांचे गाव असेल आणि सगळी ज्येष्ठ मंडळीच असतील, तर आजची शिरगणती भरलेली दिसते आणि गाव तरी संपतच असते. झाडांचे वय कळत नसले तरी खोडाचा घेर मोजता येतो. म्हणून रानात ठरावीक क्षेत्र आखून प्रत्येक झाडाचा, रोपाचा घेर किंवा उंची नोंदवतात. निरोगी रानात बोटाएवढी रोपे पुष्कळ, मनगटाएवढी त्याहून कमी, आणि कवेत न मावणारी मोजकी, असा उतरता क्रम दिसतो. तांबालाकोकच्या बाबतीत चिंता आहे ती मधले टप्पे रिकामे असण्याची. दीर्घायुषी झाड असल्यामुळे हे रिकामेपण एक-दोन पिढ्यांच्या माणसांना जाणवतही नाही.

व्हॉन आणि वीहे यांनी जेथे मोजणी केली होती, त्या माकाबे जंगलातील क्षेत्राची सुमारे सात दशकांनी पुन्हा मोजणी झाली. कायद्याने संरक्षित, तोड नाही, रस्ता नाही. तरी स्थानिक झाडे घटलेली आणि बाहेरची झुडपे माजलेली आढळली. जंगलाला कुंपण घालून ते आपोआप टिकेल, या समजुतीला छेद देणारी ही मोजणी आहे.

पेरू काढल्याने फरक पडतो का, यावर क्लॉडिया बायडर आणि व्हिन्सेंट फ्लोरेन्स यांचे २००६ मधले काम आहे, आणि माझ्या मते या सगळ्या वादातला तोच सर्वांत उपयोगी तुकडा आहे. डोडोबद्दल तर्क लढवत बसण्याऐवजी त्यांनी उद्यानातले तण काढलेले भाग आणि तसेच सोडलेले भाग शेजारी शेजारी ठेवून पाहिले. कोकणात कलमांच्या बागेची बेणणी करतात, तसेच हे काम, फक्त जंगलात आणि हाताने. जेथे बेणणी झाली होती तेथे तांबालाकोकला फळे अधिक धरत होती, आणि जेथे झाली नव्हती तेथे झाडे जणू हात आखडून उभी होती. पण माकडांनी कच्ची फळे संपवण्याचा प्रकार दोन्हीकडे होता. नाहीशा झालेल्या प्राण्यांपेक्षा नव्याने आलेले प्राणी आणि झाडे आज या ऱ्हासाला अधिक जबाबदार आहेत, असा त्यांचा रोख आहे आणि मला तो पटतो. डोडोला दोष देण्यात एक सोय असते: तो मेलेला आहे, त्याच्यासाठी काही करावे लागत नाही.

हरवलेल्या प्राण्याची जागा कोणी घेऊ शकते का, याचे एक उदाहरण त्याच देशातले आहे. मुख्य बेटाच्या आग्नेय किनाऱ्यासमोर इल ओ एग्रेत हे अवघ्या २६ हेक्टरांचे बेट आहे. तेथे आबनुसाची एक जात उरली होती. आपल्या टेंभुर्णीची ती बहीण. झाडे होती, फळे धरत होती, पण कोयी झाडाखालीच पडून राहत, कारण त्या नेणारी कासवे केव्हाच संपली होती. २००० सालापासून तेथे आल्डाब्रा बेटांवरची महाकाय कासवे सोडण्यात आली. त्यांनी फळे गिळली, बीजे बेटभर पसरली, आणि पोटातून आलेली बीजे अधिक चांगली रुजली. याचा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. येथे न चारलेल्या बियांशी तुलनाही केलेली होती, म्हणजे १९७७ मध्ये राहून गेलेली पायरी घेतलेली होती. मात्र त्या छोट्या बेटावर माकडे नाहीत. मुख्य बेटावर कासवे सोडली तरी त्यांच्या तोंडी पिकलेले फळ पडायला ते आधी पिकले पाहिजे.

काळी नदी

सरांच्या लिहिण्याला थोडी जोड देतो. तण एकदा काढले की काम झाले असे होत नाही. पेरूचा बुंधा राहिला तर तो पुन्हा फुटतो, आणि पक्षी, डुकरे नवे बी आणून टाकतात. त्यामुळे त्याच तुकड्यात पुन्हा पुन्हा जावे लागते. हरीण आणि डुकरांसाठी कुंपण चालते; हरीण डच गव्हर्नरने १६३९ मध्ये जावाहून आणले, तेव्हापासून ते येथलेच झाले आहे. माकडाला मात्र कुंपण म्हणजे शिडी.

क्युरपीपच्या वनस्पती उद्यानात एक ताड आहे, ह्योफोर्बे अमारिकोलिस, त्याच्या जातीचे जगातले एकमेव झाड. पर्यटक त्याच्याजवळ उभे राहून छायाचित्र काढतात, कारण “एकच” हा आकडा सगळ्यांना कळतो. “काही शे” हा आकडा कोणालाच भिववत नाही. बकुळाताईंनी मुलांना १३ ऐवजी काही शे सांगितले तर मुले सुटकेचा श्वास सोडतील, एवढीच मला भीती वाटते.

ब्रीज फेरच्या त्या तुकड्यात आम्ही दुपारी जेवायला बसलो होतो, तेव्हा तेथल्या कामगाराने एका जागी काठीने पालापाचोळा बाजूला करून दाखवला. तळहाताएवढ्या उंचीचे, चार पानांचे रोप होते. शेजारी कोयीचा निखळलेला अर्धा भाग पडलेला होता, कड अगदी साफ, सुताराने पटाशी मारावी तशी. त्याने रोपाभोवती तीन बांबूच्या काड्या रोवल्या आणि वर लाल फीत बांधली, पुढच्या फेरीत कोणाचा कोयता चुकून लागू नये म्हणून. मी पुढच्या वर्षी गेलो तेव्हा फीत उन्हाने गुलाबी झाली होती आणि रोपाला सहावे पान आले होते.

बकुळा

तो कोयीचा अर्धा भाग कोणाकडे असल्यास त्याचे जवळून काढलेले छायाचित्र कृपया येथे टाकावे. फळ्यावर आता मला डोडोऐवजी ती साफ कड काढून दाखवायची आहे, आणि माझी चित्रकला यथातथाच आहे.